इंग्रजीतील अनवट शब्दांच्या जन्मकथा : कोणत्या खऱ्या, कोणत्या रचलेल्या

वाचकाने विचारलेल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. ‘पॉश’ किंवा ‘बॉम्बे डक’ यांसारख्या इंग्रजी शब्दांच्या उगमाच्या ज्या रंजक गोष्टी सगळीकडे सांगितल्या जातात त्या कितपत खऱ्या आहेत. आपल्या मराठी मुलखातून इंग्रजीत खरोखर काय गेले. आणि असे अनवट शब्द अर्थासह पक्के लक्षात राहावेत यासाठी काय करावे. शब्दकोशांच्या संपादनात आणि इंग्रजीच्या अध्यापनात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे तिन्ही भागांचे उत्तर जरा ऐसपैस देतो.

आधी थोडक्यात सांगायचे तर, शब्दाच्या उगमाची गोष्ट हा पुराव्याचा विषय आहे. गोष्ट गोड आहे, पटण्यासारखी आहे, एखाद्या मोठ्या माणसाने सांगितली आहे, यांपैकी कशानेही ती खरी ठरत नाही. तो शब्द छापील किंवा हस्तलिखित इंग्रजीत प्रथम कधी आढळतो, तो ज्या भाषेतून आला असे म्हणतात त्या भाषेच्या माणसांशी इंग्रजांचा तेव्हा संबंध होता का, आणि मूळ उच्चारापासून आजच्या उच्चारापर्यंतची वाट नीट दाखवता येते का, हे पाहावे लागते. यांपैकी पहिली कसोटी सर्वांत कठोर आहे. शब्द गोष्टीच्या आधीच जन्मलेला निघाला, की गोष्ट तिथेच संपते.

ही कसोटी लावता येते ती एका प्रचंड कामामुळे. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ मध्ये एका नव्या इंग्रजी कोशाची कल्पना निघाली आणि तिचा पुढे ऑक्सफर्डचा मोठा कोश झाला. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये संपादकपद स्वीकारल्यावर इंग्रजी वाचणाऱ्या सर्वसामान्य लोकांना आवाहन केले, की पुस्तके वाचताना एखादा शब्द लक्षणीय रीतीने वापरलेला दिसला तर तो, त्या पुस्तकाचे नाव, वर्ष आणि ते पूर्ण वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर उतरवून पाठवावे. मरे यांच्या घराच्या बागेतील पत्र्याच्या खोलीत अशा लक्षावधी चिठ्ठ्या कप्प्याकप्प्यांत लावल्या गेल्या. १८८४ मध्ये पहिला भाग निघाला आणि त्याहून बऱ्याच उशिरा, म्हणजे १९२८ मध्ये, काम पुरे झाले. मरे स्वतः १९१५ मध्येच वारले होते. चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांत फिट्झएडवर्ड हॉल हे अमेरिकी संस्कृत पंडित होते, ज्यांनी पूर्वी बनारसच्या महाविद्यालयात अध्यापन केले होते. आज आपण ‘हा शब्द अमुक वर्षी प्रथम आढळतो’ असे म्हणतो तेव्हा त्यामागे अशा शेकडो वाचकांचे फुकट आणि निष्ठेने केलेले श्रम असतात, आणि म्हणूनच कुणी मनास येईल ती व्युत्पत्ती सांगू लागला की मला खरोखर वाईट वाटते.

आता ‘पॉश’. गोष्ट अशी सांगतात की विलायतेहून हिंदुस्थानात येणाऱ्या बोटींवर श्रीमंत प्रवासी जाताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली घेत, कारण त्या बाजूला ऊन कमी लागे. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांची आद्याक्षरे तिकिटावर छापली जात आणि त्यांचा ‘पॉश’ झाला. तशी आद्याक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही. शिवाय ही गोष्ट छापात येते ती १९३० नंतरच्या दशकात, तर शब्द त्याच्या आधीपासून वापरात आहे. एकोणिसाव्या शतकात चोरट्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धा पेनी किंवा किरकोळ पैसा, आणि तो रोमानी म्हणजे जिप्सी लोकांच्या भाषेतील ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो. त्याच शतकाच्या शेवटी ‘पॉश’ म्हणजे छानछोकीचा माणूस असाही अर्थ मिळतो. आजचा अर्थ यांपैकी कुठून निघाला हे कोशकारांनी निश्चित केलेले नाही, आणि ते तसे स्पष्ट लिहितात. आद्याक्षरांवरून शब्द बनवण्याची पद्धत मुळात विसाव्या शतकात, महायुद्धांच्या काळात फोफावली. त्यापूर्वीच्या कोणत्याही इंग्रजी शब्दाची आद्याक्षरांवरून फोड सांगणारी गोष्ट समोर आली, की ती खोटी धरून चालावे आणि पुरावा मिळाला तरच मत बदलावे.

‘बॉम्बे डक’ आपल्या जास्त जिव्हाळ्याचा आहे, कारण तो म्हणजे आपला बोंबील. सुक्या बोंबलाच्या गोण्या मुंबईहून कलकत्त्याकडे टपालगाडीने जात, त्या गाडीच्या डब्यांना तो वास लागे, टपाल म्हणजे ‘डाक’, म्हणून ‘बॉम्बे डाक’ आणि त्याचे ‘बॉम्बे डक’, अशी कथा आहे. मुंबईत पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला गेली आणि मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग सलग जोडला गेला १८७० मध्ये. ‘बॉम्बे डक’ हा प्रयोग मात्र आगगाडी येण्याच्या कितीतरी आधी छापील इंग्रजीत आहे. याच्या जोडीला आणखी एक पुरावा आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोंदले आहे की कंपनीच्या काळातील बोलीत मुंबई इलाख्यातील साहेबांना ‘डक्स’, मद्रासच्या साहेबांना ‘मल्स’ आणि बंगालच्या साहेबांना ‘क्वी-हाय’ म्हणत. यांपैकी शेवटचे नाव नोकराला हाक मारताना ते ‘कोई है’ असे ओरडत त्यावरून पडले, आणि ‘मल्स’ हे मद्रासकडच्या मिरीच्या साराच्या ‘मलिगाटॉनी’ या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप. म्हणजे मुंबईकर साहेब आपल्या ताटातल्या माशावरून ओळखला जात होता. त्याच कोशात बोंबलाला इंग्रजीत ‘बमेलो’ असेही नाव दिलेले आहे, जे सरळ मराठी आहे. ज्याला बोंबलाची खरी इंग्रजी कथा सांगायची असेल त्याने टपालगाडीपेक्षा ही सांगावी.

काही कथा अर्ध्याच खऱ्या असतात आणि त्या जास्त फसवतात. ‘सॅलरी’ हा शब्द लॅटिन ‘सालारियुम’वरून आला आणि त्याचा मीठ या अर्थाच्या ‘साल’शी संबंध आहे, एवढे बरोबर आहे, परंतु रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ दिले जाई असे सांगणारा प्राचीन पुरावा नाही. ‘सॅबोटाज’ फ्रेंच ‘साबो’ म्हणजे लाकडी बुटावरून आला, हेही बरोबर; पण कामगारांनी यंत्रांत बूट फेकून ती बंद पाडली हा भाग नंतर जोडलेला आहे. फ्रेंचमध्ये त्या बुटांवरून बनलेल्या क्रियापदाचा अर्थ बेंगरूळपणे काम करणे, काम बिघडवणे असा झाला होता आणि तोच पुढे संपाच्या संदर्भात रूढ झाला. ‘सिन्सिअर’ म्हणजे ‘मेणाविना’, कारण लबाड शिल्पकार मूर्तीच्या भेगा मेणाने बुजवत, ही कथा मात्र पूर्णच टाकून द्यावी.

मराठी मुलखातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांबाबत आपल्याकडे दोन टोके दिसतात. कुणी शेकडो शब्दांवर हक्क सांगतो, तर कुणाला एकही ठाऊक नसतो. ज्यांच्याविषयी खात्रीने बोलता येते असे शब्द थोडे आहेत, परंतु फार चांगले आहेत.

पहिला ‘मॉन्गूस’. तो सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत दिसू लागतो आणि बहुतेक कोश त्याचा उगम मराठी ‘मुंगूस’ असा देतात, काही कोश वाटेत पोर्तुगीज भाषेचा थांबा मानतात. येथे नुसता उच्चार जुळतो म्हणून थांबू नये, कारण उच्चार योगायोगानेही जुळतात. या प्राण्याला संस्कृतात ‘नकुल’, हिंदीत ‘नेवला’ आणि गुजरातीत ‘नोळियो’ म्हणतात. इंग्रजांनी हा शब्द गंगेच्या खोऱ्यात किंवा सुरतेच्या बाजारात गुजराती माणसाकडून उचलला असता, तर तो ‘न’ने सुरू झाला असता. ‘मुंगूस’ आहे मराठीत आणि कोकणीत. कन्नडात ‘मुंगुसि’ आणि तेलुगूत ‘मुंगिस’ आहे. म्हणजे हा शब्द दख्खनचा आणि पश्चिम किनाऱ्याचा आहे, त्याचे खोल मूळ द्राविड भाषांत असण्याचा संभव मोठा आहे, आणि युरोपीय व्यापाऱ्यांच्या कानी तो पडला तो कोकण-गोव्याच्या पट्ट्यात. इंग्रजीत आल्यावर त्याच्या शेपटाला ‘गूस’ म्हणजे हंसाच्या जातीच्या पक्ष्याचे स्पेलिंग चिकटले, कारण अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचा साज चढवण्याची खोड प्रत्येक भाषेला असते. त्या पक्ष्याचे अनेकवचन ‘गीस’ होते म्हणून विद्यार्थी ‘मॉन्गीस’ लिहितात. तसे लिहू नये, ‘मॉन्गूसेस’ हेच रूप प्रमाण आहे, आणि त्याचे कारण मराठी माणसाला तरी पाठ करावे लागू नये.

दुसरा शब्द ब्रिटिश बोलण्यात आजही सर्रास ऐकू येतो. एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही, तो भ्रमिष्टासारखा वागतो, असे म्हणायचे असेल तर तेथील माणसे म्हणतात, तो ‘डूलॅली’ झाला आहे. हे नाशिकजवळचे देवळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे गोऱ्या पलटणींसाठी मोठी छावणी वसली. नोकरीची मुदत संपलेले सैनिक मायदेशी परतण्यासाठी देवळालीत आणून ठेवले जात आणि त्यांना नेणारी जहाजे साधारणपणे थंडीच्या मोसमातच सुटत. मोसमातले शेवटचे जहाज निघून गेल्यावर जो सैनिक देवळालीत पोहोचला त्याला उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढावा लागे. काम नाही, कवायत जेमतेम, उकाडा, दारू, हिवताप. अशा रिकाम्या महिन्यांत काहींचे डोके फिरे आणि बरोबरचे सैनिक म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झाला आहे. त्यातला ‘टॅप’ म्हणजे नळ किंवा टिचकी नव्हे, तर हिंदुस्थानीतील ताप. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकी बोलीचे जे संग्रह छापले गेले त्यांत हा पूर्ण शब्दप्रयोग नोंदलेला आहे. पुढे ‘टॅप’ गळला आणि ‘डूलॅली’ उरला. मला ही व्युत्पत्ती विशेष भावते, कारण तिच्यात जागा, काळ, माणसे आणि त्यांची दुःस्थिती सगळे तपासता येते, आणि इतके असूनही देवळाली कॅम्पात राहणाऱ्या पुष्कळ मंडळींना आपल्या गावाचे नाव इंग्लंडमध्ये विशेषण झाले आहे याचा पत्ता नसतो.

तिसरा ‘टँक’. येथे उत्तर एकपदरी नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी गुजरात आणि कोकणात हिंडलेल्या इंग्रज प्रवाशांच्या लेखनात बांधीव तलावासाठी, कुंडासाठी हा शब्द येतो. गुजरातीत ‘टांकुं’ आणि मराठीत ‘टाके’ हे शब्द तेव्हा होतेच. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी किंवा सह्याद्रीतल्या कोणत्याही गडावरचे कातळात कोरलेले पाण्याचे टाके ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शब्दाचे वय सांगावे लागणार नाही. परंतु पोर्तुगीजांकडेही ‘तांकी’ असा जवळजवळ तोच उच्चार आणि तोच अर्थ असलेला शब्द होता, जो साचलेल्या पाण्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे. किनाऱ्यावर दोन्ही भाषा बोलणारी माणसे रोज एकमेकांशी व्यवहार करत होती. म्हणून कोशकार दोन्ही मुळे देतात आणि दोन प्रवाह एकत्र मिळाले असे म्हणतात. मलाही तेच योग्य वाटते. अभिमानापोटी पोर्तुगीज प्रवाह पुसून टाकण्याचे कारण नाही. याच शब्दाचा पुढचा प्रवास असा, की पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी चिलखती रणगाडा गुप्तपणे बनवायला घेतला तेव्हा तो पाण्याची टाकी आहे अशी हूल उठवण्यासाठी त्याला ‘टँक’ म्हटले गेले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत तो प्रथम उतरला आणि नाव कायम राहिले.

चौथा ‘डंगरी’, म्हणजे कामगारांची जाड कापडाची विजार. सतराव्या शतकापासून एका जाड्याभरड्या सुती कापडाचे हे नाव इंग्रजीत आहे आणि कोश ते मुंबईतल्या डोंगरी या वस्तीशी जोडतात. खलाशी ते वापरत, त्यामुळे ते बंदरोबंदरी पोहोचले.

मराठी वाचकाला ओळखीच्या वाटाव्यात अशा आणखी दोन शब्दांकडे वळतो, कारण त्यांतून उच्चाराची वाट कशी तपासायची ते कळते. क्रिकेटमधला ‘अंपायर’ मुळात ‘नूंपेर’ होता. जुन्या फ्रेंचमधील ‘नाँपेर’ म्हणजे जो जोडीत बसत नाही असा, विषम. दोघांच्या भांडणात कुणाच्याही बाजूचा नसलेला तिसरा माणूस. इंग्रजीत ‘अ नूंपेर’ हे दोन शब्द सलग बोलताना ‘न’ पुढच्या शब्दाचा की मागच्या शब्दाचा हे कळेनासे झाले आणि लोक ‘अॅन ऊंपेर’ म्हणू लागले. स्वयंपाकघरातल्या ‘एप्रन’चा ‘न’ही असाच गेला. उलट ‘निकनेम’ला तो फुकट मिळाला, कारण मुळात तो ‘अॅन एकनेम’, म्हणजे जादाचे नाव, असा होता. आपण अंपायरला पंच म्हणतो. इंग्रजांनी विषम माणूस निवडला आणि आपण पाचाचा आकडा घेतला, पण न्याय करताना मते समसमान पडू नयेत ही काळजी दोन्हीकडे दिसते.

‘ऑरेंज’ या शब्दाबद्दलही हेच सांगितले जाते, की तो ‘अ नॉरेंज’ होता आणि इंग्रजीत ‘न’ गळला. येथे मात्र दुरुस्ती करायला हवी. संस्कृत ‘नारंग’ फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’, स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ झाला, तोवर ‘न’ शाबूत होता. इटालियन आणि फ्रेंचमध्ये तो गळाला आणि फळ इंग्लंडला पोहोचले तेव्हा शब्द आधीच स्वराने सुरू होत होता. इंग्रजीत ‘न’ने सुरू होणारे रूप कधी रुळलेच नव्हते. मराठीने ‘नारिंग’ म्हणून तो ‘न’ आजही जपला आहे.

काही शब्दांना जन्मतारीख असते, कारण ते कुणीतरी जाणूनबुजून घडवलेले असतात. ‘सेरेंडिपिटी’ हा शब्द होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ रोजी आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात प्रथम वापरला. सरनदीपच्या तीन राजपुत्रांच्या जुन्या कथेत ते राजपुत्र शोधायला निघत एक आणि आपल्या चाणाक्षपणामुळे त्यांना सापडे भलतेच काही. वॉलपोलने उदाहरणही दिले आहे : रस्त्याच्या फक्त डाव्या बाजूचे गवत खाल्लेले आहे, आणि तेही उजव्या बाजूपेक्षा निकृष्ट असूनही, यावरून त्यांनी ओळखले की नुकताच येथून गेलेला खेचर उजव्या डोळ्याने आंधळा असला पाहिजे. आज या शब्दाचा अर्थ ‘नशिबाने लागलेला शोध’ एवढाच दिला जातो. वॉलपोलने योगायोगाबरोबर चाणाक्षपणा स्पष्टपणे मागितला होता, आणि ते अर्धे अंग गाळले की शब्द लंगडा होतो. सरनदीप हे श्रीलंकेचे अरबी-फारसी नाव, आणि ते आले संस्कृत ‘सिंहलद्वीप’वरून.

‘पेट्रिकॉर’ हा पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचा शब्द प्राचीन ग्रीक आहे अशी समजूत आहे. त्याचे तुकडे ग्रीक आहेत, ‘पेट्रा’ म्हणजे खडक आणि ‘इकॉर’ म्हणजे देवांच्या धमन्यांतून वाहणारा द्रव. पण एकाही प्राचीन ग्रीकाने तो उच्चारला नाही. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील निबंधात तो घडवला. कोरड्या काळात वनस्पतींतून बाहेर पडलेली तेलकट द्रव्ये खडकात आणि मातीत मुरतात आणि ओल येताच त्यांचा वास सुटतो, असे त्यांचे म्हणणे होते. या वासाचे अत्तर उत्तर प्रदेशात पूर्वापार काढले जाते, याची त्यांनीही दखल घेतली होती. कनौजचे कारागीर आजही भाजलेल्या मातीपासून ऊर्ध्वपातनाने ते अत्तर उतरवतात. आपल्याजवळ ‘मृद्गंध’ आहे, जो बोलायला सोपा आहे आणि ज्याचे दोन्ही भाग शाळकरी मुलालाही कळतात, म्हणून मराठी लिहिताना ‘पेट्रिकॉर’ आणण्याची गरज मला कधी वाटली नाही.

उगम तपासण्याचे महत्त्व दाखवणारा माझा सर्वांत आवडता शब्द मुळात शब्दच नाही. वेब्स्टरच्या मोठ्या कोशाच्या १९३४ च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ असा शब्द छापला गेला, अर्थ दिला ‘घनता’. झाले होते असे की १९३१ मध्ये रसायनशास्त्राच्या संपादकाने एक चिठ्ठी पाठवली होती, जिच्यावर मोठ्या लिपीतले ‘डी’ किंवा लहान लिपीतले ‘डी’ हे घनतेचे संक्षेपचिन्ह आहे, असे लिहिले होते. इंग्रजीत ‘किंवा’साठीचा ‘ऑर’ मध्ये आला. कोशाच्या चिठ्ठ्यांवर मुख्य शब्दाची अक्षरे सुटी सुटी टंकलिखित करण्याची पद्धत असल्याने कुणीतरी ती चार अक्षरे एकत्र वाचली, आणि संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची चिठ्ठी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. उच्चार दिला गेला, मुद्रिते तपासली गेली, कुणाला संशय आला नाही. १९३९ मध्ये एका संपादकाचे लक्ष गेले ते एवढ्यावरच, की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही. सर्व बाजूंनी शब्दासारखा दिसणारा तो भास, फक्त त्याला आईबाप नव्हते म्हणून पकडला गेला.

अर्थ कसा सरकतो याकडे अनेकजण लक्ष देत नाहीत आणि मूळ अर्थ हाच ‘खरा’ अर्थ मानून वाद घालतात. ‘नाइस’ हा लॅटिन ‘नेस्कियुस’, म्हणजे अज्ञानी, यावरून आला. इंग्रजीत तो आधी मूर्ख, मग नाजूक चोखंदळ, नंतर काटेकोर आणि अठराव्या शतकात छान झाला. म्हणून आज कुणाला ‘नाइस’ म्हणणे हा अपमान ठरत नाही. आपल्याकडे ‘साहस’ घ्या. मनुस्मृतीत ते जबरदस्तीच्या गुन्ह्यांचे नाव आहे, राजाने दंड करावा असे कृत्य. आज आपण साहसासाठी मुलांना शौर्यपदके देतो. उगम हा शब्दाचा इतिहास आहे, त्याच्यावरचा हुकूम नव्हे.

आता तिसरा भाग, म्हणजे लक्षात कसे ठेवावे. शब्द आणि अर्थ यांच्या जोड्या पाठ करून काही टिकत नाही, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. टिकतो तो मुळाचा तुकडा, कारण तो एकटा येत नाही. ‘डिफेनेस्ट्रेशन’ म्हणजे खिडकीतून बाहेर फेकणे. २३ मे १६१८ रोजी प्रागच्या किल्ल्यात प्रोटेस्टंट सरदारांनी बादशहाचे दोन अधिकारी आणि त्यांचा चिटणीस यांना खिडकीतून खाली फेकले, तिघेही वाचले, आणि युरोपात तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटले. लॅटिन ‘फेनेस्त्रा’ म्हणजे खिडकी एवढे कळले की फ्रेंच आणि जर्मन भाषांतले खिडकीचे शब्दही हाती येतात. इंग्रजी ‘विंडो’ मात्र या कुळातला नाही. तो जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि त्याचा अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. संस्कृतात खिडकी ‘गवाक्ष’, म्हणजे गायीचा डोळा. गोव्यातले ‘जनेल’ तिसऱ्याच घरचे, पोर्तुगीज ‘जनेला’. एका खिडकीपाशी एवढे शब्द गोळा झाले की त्यांतला एकही विसरत नाही.

माझा सल्ला असा, की मरे यांच्या वाचकांप्रमाणे चिठ्ठ्या कराव्यात. वही किंवा फोनवरील टिपणही चालेल. प्रत्येक शब्दासाठी वर शब्द, खाली तुम्ही तो प्रत्यक्ष वाचला ते संपूर्ण वाक्य, तो इंग्रजीत आला तो काळ, मूळ भाषेतील रूप, आणि शक्य असेल तिथे मराठीतील समांतर प्रयोग. समांतर प्रयोग ओढूनताणून आणू नये, पण सहज सापडला तर तो सोन्यासारखा असतो. उदाहरणार्थ ‘क्लू’. हा शब्द मुळात सुताच्या गुंडीसाठी होता. ग्रीक कथेत थीसियस चक्रव्यूहासारख्या भुलभुलैयात शिरतो तेव्हा अॅरिआड्नीने दिलेल्या सुताच्या गुंडीचा दोरा सोडत जातो आणि त्याच दोऱ्याने परत वाट काढतो; त्यावरून गूढ उकलण्याचे साधन तो ‘क्लू’. आपल्या वृत्तपत्रांत रोज येते, की पोलिसांना तपासाचे धागेदोरे मिळाले. एवढे चिठ्ठीवर लिहिले की पुन्हा उघडून पाहावे लागत नाही.

उगम तपासण्यासाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश ग्रंथालयातून पाहावा, अँग्लो-इंडियन शब्दांसाठी ‘हॉब्सन-जॉब्सन’ची १९०३ ची सुधारित आवृत्ती पाहावी आणि मराठी बाजूसाठी १८३१ मध्ये निघालेला व १८५७ मध्ये वाढवलेला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. एखादा मराठी शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोणत्या अर्थाने बोलला जात होता हे तिथे पटकन कळते. मात्र यूल आणि मोल्सवर्थ यांच्या काळानंतर बरेच संशोधन झालेले आहे, म्हणून त्यांनी दिलेल्या व्युत्पत्ती नव्या कोशाशी ताडून घ्याव्यात. त्यांच्या नोंदीतील उदाहरणे मात्र अजूनही अनमोल आहेत.

शेवटी वापराबद्दल. शब्द कळला म्हणून तो लगेच लेखनात घालू नये, आधी त्याची पातळी पाहावी. ‘सेरेंडिपिटी’ निबंधात शोभतो, ‘पेट्रिकॉर’ शास्त्रीय किंवा ललित लेखनात चालतो, ‘मॉन्गूस’ आणि ‘टँक’ कुठेही चालतात. ‘डूलॅली’ मात्र ब्रिटनमधील घरगुती बोलण्यातला आहे. तो अर्जात, कार्यालयीन पत्रात किंवा परीक्षेच्या उत्तरात लिहू नये, आणि खरोखर मानसिक आजार असलेल्या माणसाबद्दल तर कधीच वापरू नये.